पासंग

चाळीस वर्षं सियागंजात तराजू दुरुस्त केले.
दांडी, पारडी, साखळ्या, काटा.
पुढे बटणांचे आले, हात थांबले,
रक्तदाब मात्र चढत राहिला.
डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं गप्प बसा.
मी विचारलं, कुठे?
ते हसले.

रामबागेतल्या हॉलवर नूलकर बाई ध्यान शिकवतात,
गुरुवारी, फुकट, सतरंजी घरून आणायची.
म्हणाल्या, श्वास मोजू नका, नुसता बघा.
अहो बाई, जन्मभर मोजण्यावरच जेवलो!
आत घेतलेला जरा जड, सोडलेला हलका,
फरक अर्ध्या गुंजेचा,
डोळे मिटून तीन आठवडे मी हाच हिशेब करत होतो.

आता गच्चीवर बसतो, उजाडता उजाडता.
खाली पोह्यांच्या पातेल्यातून वाफ सुटलेली,
कुणी कुणाला ‘भिया’ म्हणून हाक मारतं,
सातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते
आणि शरयू ओला वेगळा, सुका वेगळा घेऊन जिना उतरते.
माझ्या डोक्यात सगळं एकाच डब्यात:
वीजबिल, जावई बोलला ते, डावीकडची दाढ.
कधीमधी मात्र एखादा क्षण असा,
की माल उचलून नेलाय,
साखळ्या अजून हलतायत, पण वाजत नाहीत.

अशाच एका क्षणात तो आला.
शिशाचा तुकडा, चिंचोक्याएवढा.

सत्त्याऐंशी साल. मांगीलाल सेठचा मोठा तराजू.
खात्याचा शिक्का बसून आठवडाही झाला नव्हता.
सेठ म्हणाले, कारागीर, जरा आपल्याकडे झुकू दे.
वजनाच्या पारड्याखाली डाग दिला मी, सफाईदार,
बोट फिरवलं तरी लागू नये असा.
तीनशे रुपये. त्यात घरात पंखा आला.
सांवेरकडची एक बाई धने घेऊन उभी होती.
तिनं काट्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी कानस पुसत होतो.
खूप वेळ पुसत होतो.

एवढंच. एरवीच्या पापांपुढे
पासंगालाही पुरणार नाही, असं मीच ठरवलेलं.
उठावंसं वाटलं. गुडघ्याचं निमित्त तयारच होतं.
पण बसलो.
त्या दिवशी पहिल्यांदा श्वास मोजायचा राहिला.

सेठ गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं.
त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं.
माफी मागायची तर कुणाच्या दारात?
नूलकर बाईंना म्हटलं, शांत व्हायला आलो होतो,
हे काय भलतंच वर आलं?
त्या सतरंजी झटकत म्हणाल्या,
काटा हलतोय का? मग ठीक आहे.

हे खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं.
पारडं टेकवल्याबरोबर काटा गपकन थांबला
तर शिकाऊ पोरं खूश व्हायची.
मी ओरडायचो, अरे, गंज धरलाय त्यानं!
चांगला काटा थरथरतो,
इकडे जातो, तिकडे जातो,
आपल्या वेळेनं येतो मध्यावर.
त्याला बोट लावायचं नसतं.

रात्री शरयूला सांगितलं, पंख्याखालीच.
तो पंखा अजून फिरतो, आवाज करत.
ती म्हणाली, त्या उन्हाळ्यात तुम्ही झोपेत दात खायचात.
मला वाटलं, जंत.
मग कूस बदलून, बऱ्याच वेळानं:
किती ग्रॅमचा होता?

हत्यारांच्या डब्यात शिशाच्या पट्टीचं उरलेलं टोक सापडलं.
गाडीत टाकणार होतो,
पण कोणत्या डब्यात, ते कळेना.
आता सकाळी बसताना तळहातावर ठेवतो.
आधी गार लागतं, मग हाताएवढं होतं.
जड आहे.
जेवढं आहे तेवढंच जड.